ट्रॅक सायकलिंगमधल्या स्प्रिंटरला विंड टनेलचा (पंख्यांनी जोराची हवा सोडून तिचा अडथळा मोजायच्या बोगद्याचा) खरंच उपयोग होतो का? शर्यत तर काही सेकंदांचीच असते!

होतो, आणि चांगलाच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सचा स्प्रिंटर हॅरी लाव्रेसनने फ्लाइंग २०० मीटर (आधीच वेग घेऊन, धावत्या सायकलवर मोजलेले २०० मीटर) ९.०८८ सेकंदांत मारले, म्हणजे ताशी सुमारे ७९ किमी. या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३ टक्के जादा वेग हवा तर जवळपास ९ टक्के जादा वॉट. पायांत एवढा जोर कुठून आणणार? त्यापेक्षा हवेचा अडथळा कमी करणं स्वस्त. आणि त्यातला मोठा वाटा सायकलचा नसून स्वाराच्या अंगाचा असतो. म्हणून अरुंद हँडलबार, कोपरं आत, खांदे आवळलेले, डोकं खाली.

मात्र टनेलमधल्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. तिथे स्वार बेताने पेडल मारतो. पूर्ण जोरात सायकल डुलते, डोकं वर येतं. मॅच स्प्रिंटमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या शर्यतीत, तर मागे वळून प्रतिस्पर्ध्याकडे बघावंच लागतं. माझ्या मते टनेलमध्ये बसण्याच्या पोझिशनचे पर्याय निवडावेत आणि पॉवर मीटर (पेडलवरची शक्ती मोजणारं यंत्र) लावून वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, तपासावेत. शेवटच्या फेरीत टिकत नाही ती पोझिशन, आकडा कितीही देखणा असो, बाद.