डक्ट काढत बसलेली मुलगी

प्रश्न : मुलगी बी.आर्च.च्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिससाठी विद्यापीठाची पर्यावरणपूरक संशोधन इमारत घेतली आहे. इमारत डीएनएच्या पिळासारखी, काचेची आणि गच्चीवर सोलर असलेली कर, म्हणजे वेगळी ओळख दिसेल, असं मी सुचवलं. ती मात्र दोन महिने हवा वाहून नेणाऱ्या डक्टचीच ड्रॉइंग काढत बसली आहे. विषय बदलायला लावू, की एमबीएच्या तयारीला लावू? मी स्वतः बांधकाम ठेकेदार आहे. – एक वडील, सांगली

उत्तर : तुमच्या एका वाक्यात ‘लावू’ दोनदा आलंय. तिला काय करायचंय, हे पत्रात एकदाही नाही. फी तुम्ही भरलीत, मान्य. पण ज्युरीसमोर ती उभी राहणार आहे. ‘हा पीळ कशासाठी?’ असं परीक्षकांनी विचारलं तर ‘बाबा म्हणाले’ असं सांगता येत नाही, आणि दुसरं उत्तर तिच्याकडे नसेल. विषय बदलायचा विचार सोडा. एमबीएची प्रवेश परीक्षा, एम.आर्च.साठी गेट, हरित मानांकनाची एपी (मान्यताप्राप्त व्यावसायिक) परीक्षा, सगळ्या पुढच्या वर्षीही आहेत.

आता ‘गच्चीवर सोलर टाकलं की इमारत हरित’ या समजुतीचं बघू. संशोधन इमारतीत लॅब असतात, आणि लॅबमध्ये रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट, म्हणजे फ्यूम हूड. दीड मीटर रुंदीचा एक घ्या. सरकती काच ४५ सेंटिमीटर उघडी आणि हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर तासाला सुमारे १२०० घनमीटर हवा तो बाहेर फेकतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा दीड मिनिटात गेली! रसायनांच्या वाफा असल्याने ती पुन्हा खोलीत सोडता येत नाही. तेवढीच बाहेरची हवा गार करून आत घ्यावी लागते. मे महिन्यात एका हूडमागे तीन-चार टन एसी त्यातच जातो. असे वीस हूड म्हणजे साधारण ७० टन, विजेत सुमारे ७० किलोवॅट, पंखे वेगळे. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर धुराडी आणि यंत्रं सोडून ६० किलोवॅटची पॅनेल बसली, तर दिवसाला २४० युनिट मिळतील. साडेतीन तासांत खलास. तुमची मुलगी डक्ट का काढतेय ते आता कळलं?

शिवाय पीळ दिला की प्रत्येक मजला थोडा फिरतो, डक्ट वर नेणारे उभे शाफ्ट सरळ जात नाहीत, डक्टला वळणं पडतात आणि पंख्यांचं बिल कायमचं वाढतं.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तू मजल्याची उंची किती धरली आहेस? ३.६ मीटर असेल तर बीम-स्लॅबचे ०.७५, डक्टचे ०.५५, पाइप-दिव्यांचे ०.३ वजा कर. खाली दोन मीटर उरतात आणि हूडच सुमारे २.४ मीटर उंच असतो. ४.२ ते ४.५ घे. लिहिण्या-वाचण्याची टेबलं लॅबमधून बाहेर काढून उत्तरेच्या बाजूला खिडक्या-छज्ज्यांच्या हवेवर ठेव. एसीचा भार तिथेच पहिला उतरतो. हूड प्रत्येक मजल्यावर एकाच जागी, एकावर एक आण, धुराडी गच्चीच्या वर किमान तीन मीटर ने. बाहेर जाणाऱ्या हवेतला गारवा परत घ्यायचा असेल तर पाणी फिरणाऱ्या कॉइल वापर. त्याच कामासाठी मिळणाऱ्या फिरत्या चाकातून दूषित हवा आत झिरपते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला थरथर चालत नाही, तो तळमजल्यावर, लिफ्टपासून लांब.

ओळख यातूनच येऊ दे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत वास्तुकार लुई कान यांनी पाइप-डक्टसाठी लॅबच्या मजल्यांवर नऊ फुटांचे स्वतंत्र मजले दिले, म्हणून लॅब खांबांशिवाय मोकळ्या राहिल्या. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी काळा बेसॉल्ट, त्यावर आणखी काळा कडाप्पा आणि शेवटी आकाशाचं प्रतिबिंब दाखवणारा चकचकीत ग्रॅनाइट अशी भिंत वर नेली. तिथे फ्यूम हूड नाहीत. खगोलशास्त्राच्या संस्थेला आकाशच भिंतीत आणणं शोभतं. तुझी धुराडी आणि शाफ्ट लपवू नकोस, तेच इमारतीचं तोंड होऊ दे. पुढच्या ज्युरीला थ्रीडी चित्रांआधी एका शाफ्टमधून जाणारा १:५० चा सेक्शन (उभा छेद) लाव.

आणि बाबा, साइटवर डक्ट टांगताना बीमपाशी नेमकं काय अडतं, हे तिच्या प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असणार. तिने विचारलं तर सांगा. विचारलं तरच.