पार्कचं बुकिंग झालं म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका

तुम्ही लिहिलंय की पुढच्या जूनमध्ये गावातल्या कम्युनिटी पार्कच्या लॉनवर मोफत शेक्सपिअर करायचाय. दोन वीकेंड, पंधराएक हौशी मंडळी, थोडं मराठी, थोडं इंग्रजी. लॉन ऑनलाइन बुक झालं, कार्डावरून पैसेही गेले, आणि आता पार्क ऑफिसकडून "अर्ज तपासणीत आहे" याखेरीज उत्तर नाही. माईकचं विचारलं की सगळे गप्प. वाचून पोटात गोळा आला. पार्कमधल्या आमच्या मंडळाच्या नाटकाचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून लांबलचक लिहिते.

आधीच सांगते, मी वकील नाही, विमा एजंट नाही. माझा अनुभव कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून तिथेच राहते. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, तेव्हा चूभूद्याघ्या. तालमी, नटांची निवड, फ्लायर वगैरेंवर काही लिहीत नाही, ते तुमचं तुम्हाला कळतंच.

ऑनलाइन पोर्टल लॉन देतं ते वाढदिवसाला देतं तसं. तुम्ही अर्जात 'नाटक', 'स्टेज', 'माईक', 'दीडशे-दोनशे लोक' असे शब्द लिहिलेत की प्रकरण स्पेशल इव्हेंटमध्ये जातं. तो टेबल वेगळा. आवाजाची (म्हणजे माईक-स्पीकर लावायची) परवानगी आणखी वेगळीकडे, काही गावांत तर पोलिसांकडे. आणि विमा तपासणारा माणूस सिटी हॉलमध्ये कुठेतरी बसतो, तो जनतेला भेटत नाही. हे सगळे एकमेकांशी बोलतात असं आपण गृहीत धरतो. ते बोलत नाहीत.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो विम्याचा कागद. बहुतेक गावं (म्हणजे तिथल्या नगरपालिका) दहा लाख डॉलरचा जनरल लायबिलिटी विमा, म्हणजे कार्यक्रमात कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, मागतात आणि त्यात गावाला 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड' करा म्हणतात, म्हणजे आपल्या विम्याचं संरक्षण गावालाही द्या. आमच्या संस्थेचा विमा होता. एजंटाने एका दिवसात सर्टिफिकेट पाठवलं, गावाचं नाव त्यावर छान टाइप केलेलं. ऑफिसात दिलं. बराच काळ शांतता. मग एक ओळीची ईमेल: कागदपत्रं अपुरी. काय अपुरं? उत्तर नाही. फोन केला तर "आमच्याकडे फक्त शेरा येतो, कारण येत नाही." एजंटाने नवीन सर्टिफिकेट दिलं. परत आलं: गावाचं नाव पूर्ण नाही, 'अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवक' हे शब्द हवेत. ते घातले. परत आलं: तारखेत स्टेज लावायचा दिवस धरलेला नाही. तोही धरला. तरी परत आलं, आणि तेव्हा कुठे खरी गोष्ट कळली की त्यांना मुळात सर्टिफिकेट नकोच होतं, एंडोर्समेंटचं पान हवं होतं.

तुम्ही यात पडू नये म्हणून जरा खुलासा. सर्टिफिकेट (फॉर्मचं नाव अकॉर्ड २५) हा नुसता माहितीचा कागद. त्याच्यावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं की यातून धारकाला कोणताही हक्क मिळत नाही. गावाला विम्यात खरोखर सामील करून घेतं ते पॉलिसीला जोडलेलं वेगळं पान, म्हणजेच एंडोर्समेंट. आमच्या बाबतीत ते 'सीजी २० २६' नावाचं होतं. एजंटाला नुसतं "सर्टिफिकेट पाठव" म्हटलं तर तो सर्टिफिकेटच पाठवणार, त्याचा काय दोष? पण पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या माणसाने एक वाक्य बोललं असतं तर आमचा अख्खा वसंत वाचला असता. सगळ्या त्रुटी एकदम सांगायच्या नाहीत, दर वेळी एकच काढायची, हा प्रकार मला तलाठी ऑफिसात पाहिल्याचा आठवतो. पण तिथे निदान समोर माणूस असतो आणि शेजारी चहाची टपरी. इथे पोर्टल.

परवानगी हातात पडली तेव्हा प्रयोग तोंडावर आला होता. आवाजाची परवानगी मात्र नाहीच. तिचा अर्ज मुख्य परवानगी मिळाल्यावरच घेतात, आणि त्याला पुन्हा वेगळी मुदत लागते. हेही कुणी सांगितलं नव्हतं. साउंडवाल्याला अ‍ॅडव्हान्स गेला तो गेला. नाटक बिनमाईकचं झालं आणि मागच्या निम्म्या लोकांना फक्त हातवारे दिसले.

तेव्हा आजच्या आज एक ईमेल लिहा. फोन नको, ईमेल. त्यात विचारा: या कार्यक्रमाला एकूण कोणकोणत्या परवानग्या लागतात, प्रत्येकीचा अर्ज कुणाकडे, किती दिवस आधी, आणि विम्याच्या एंडोर्समेंटवर नेमका कोणता मजकूर हवा. जमलं तर मागच्या एखाद्या अर्जाचा मंजूर नमुना मागा. नमुना मिळाला तर एजंटाला तोच पाठवायचा, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तीच ईमेल पुन्हा, खाली जुनी तशीच ठेवून.

दुसरं, आणि हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो: गावाच्याच एखाद्या खात्याला सहआयोजक करून घ्या. लायब्ररीला विचारा, आर्ट्स कमिशन (गावची कलांसाठीची समिती) असेल तर त्यांना विचारा. कार्यक्रम गावाचा झाला की निम्मे कागद त्यांच्याच घरात फिरतात. पार्कमधल्या मोफत प्रयोगांचा नमुना बघायचा तर सॅन फ्रान्सिस्को शेक्सपिअर फेस्टिव्हल ही नाट्यसंस्था १९८३ पासून असे प्रयोग करतेय. बे एरियातल्याच प्लेझंटन गावच्या अमाडोर व्हॅली कम्युनिटी पार्कमध्ये, कुपर्टिनो गावच्या मेमोरियल पार्कमध्ये त्यांचे प्रयोग झालेत. उन्हाळ्यात इकडे आलात तर एखादा जरूर बघा, पण नाटक कमी आणि मांडणी जास्त. स्पीकर कुठे ठेवलेत, ट्रक कुठे उभा आहे, केबलवर काय टाकलंय, लोक कुठून शिरतात. तासभर आधी जाऊन बसा.

पार्कवाल्यांचं आणि मोफत शेक्सपिअरचं भांडण तसं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जोसेफ पॅप हा नाट्यनिर्माता शेक्सपिअरचे मोफत प्रयोग करत होता, तेव्हा १९५९ साली पार्क कमिशनर रॉबर्ट मोझेसने अडवलं: लोकांच्या पायांनी गवत खराब होतं, त्याचा खर्च निघायला तिकीट लावा. पॅप म्हणाला, लावणार नाही. कोर्टबाजी झाली, अपिलात निकाल पॅपच्या बाजूने लागला, आणि १९६२ मध्ये त्याच पार्कमध्ये डेलाकोर्ट हे खुलं थिएटर उभं राहिलं. आजही तिथे तिकीट फुकट मिळतं, फक्त रांगेत बसायची तयारी हवी. आमच्या मंडळातल्या एकाला ही गोष्ट फार आवडते आणि तो दर मीटिंगला "कोर्टात जाऊ" म्हणतो. तुम्ही जाऊ नका. पॅपच्या मागे वर्तमानपत्रं होती, आपल्या मागे फक्त खजिनदार असतो आणि त्यालाही सोमवारी ऑफिस असतं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर: प्रयोगाच्या शेवटी देणगीसाठी टोपी किंवा बादली फिरवणार असाल तर अर्जात तसं लिहा. काही ठिकाणी देणगी गोळा केली की कार्यक्रमाचा वर्ग बदलतो आणि भाडंही. आमच्याकडे बदलत होता. आम्ही देणगीचा क्यूआर कोड मंडळाच्या वेबसाइटवर ठेवला आणि पार्कमध्ये पैशाचं नावही काढलं नाही.

आता माईक मिळालेच नाहीत तर. आत्तापासून हे धरूनच बसवा, मिळाले तर बोनस. लोकांना लांबलचक ओळीत बसवू नका, अर्धगोल करा, आणि शेवटचा माणूस स्टेजपासून पन्नासएक फुटांत राहील असं बघा. गर्दी वाढली तर प्रयोग वाढवा, वर्तुळ नको. दशावतारी मंडळी देवळासमोर रात्र रात्र बोलायची ती खड्या आवाजात. आपली हौशी पिढी हॉलमधल्या टांगत्या माईकवर वाढली आहे, तिला निदान दोन महिने मोकळ्यावर तालीम लागते. हॉलमधली तालीम इथे फार उपयोगाची नाही. नव्वद मिनिटांत संपवा, मध्यंतर ठेवू नका. मध्यंतरात मुलं झोपाळ्यांकडे पळतात आणि आईबाप त्यांच्यामागे, ते परत येत नाहीत. आमच्याकडे तर सूर्य कलला की असा गार वारा सुटतो की जुलैतही लोक ब्लँकेट घेऊन बसतात.

जागेबद्दल फुटकळ गोष्टी, सुचतील तशा. लॉन तुमचं असलं तरी शेजारची पिकनिकची जागा दुसऱ्या कुणाचीतरी असते. त्या दोन्ही शनिवारी तिथे काय बुक आहे ते विचारा, नाहीतर तुमचा हॅम्लेट मरताना शेजारी बाऊन्स हाऊसचा (मुलांना उड्या मारायला हवेने फुगवलेल्या घराचा) पंखा घरघरत असेल. स्प्रिंकलर बंद ठेवायला डेस्कवर सांगून उपयोग नसतो, मेंटेनन्सच्या माणसाला गाठा आणि दोन दिवस आधीपासून बंद ठेवायला लावा, ओल्या गवतावर कुणी बसत नाही. जमिनीत खुंट्या ठोकू नका, खाली पाण्याचे पाइप असतात. वाळूच्या पिशव्या वापरा. मंडप मोठा असेल तर फायर डिपार्टमेंटचं परमिट लागतं. कॅलिफोर्नियात साधारण ४०० चौरस फुटांच्या पुढे, आणि छोटे पॉप-अप (झटपट उघडायचे) तंबू एकमेकांना चिकटवून लावलेत तर ते मिळून एकच मोजतात. गोफरची (जमीन पोखरणाऱ्या घुशीसारख्या प्राण्याची) बिळं आधी फिरून बघा, आमच्या नाटकातल्या एका सरदाराचा पाय मुरगळला तो तलवारबाजीत नाही, बिळात.

मराठी संहितेचंही बघून घ्या. शेक्सपिअर हक्कमुक्त आहे म्हणून त्याचा मराठी अनुवादही मुक्त असतो असं नाही. शिरवाडकर, विंदा, पाडगावकर यांचे अनुवाद घ्यायचे तर वारसांची परवानगी लागेल. आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट, १८८३) किंवा देवलांचं 'झुंझारराव' (ऑथेल्लो, १८९०) इतकं जुनं आहे की तो प्रश्न माझ्या समजुतीप्रमाणे येऊ नये. भाषा मात्र मुलांना समजणार नाही, कात्री लावावी लागेल. आम्ही सरळ स्वतःच प्रवेश लिहिले. भांडणं झाली, पण ती घरातली.

एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये नाही: लॉनच्या पश्चिमेला काय आहे? संध्याकाळी ऊन पश्चिमेचं, आणि आमच्यासारखा भाग असेल तर वाराही पश्चिमेचा. स्टेज पूर्वेला लावलं तर नट वाऱ्याविरुद्ध ओरडतात, पश्चिमेला लावलं तर प्रेक्षकांच्या डोळ्यांत ऊन. पश्चिमेला उंच झाडांची रांग असेल तर स्टेज तिच्या पुढ्यातच लावा, ऊनही अडतं, वाराही कमी होतो आणि जो उरतो तो आवाज प्रेक्षकांकडे नेतो. झाडं नसतील तर वेळ बदलावी लागेल. जागेचा एखादा फोटो टाका, दुपारी पाच-साडेपाचचा, मग बघून सांगते.