मेडिक्लेमसाठी टमी टकला ‘हर्निया’ म्हणू नका

प्रश्न : वय 41, दोन सिझेरियन. वजन उतरवलं तरी बेंबीखालची कातडी लोंबते आणि पोट आत जात नाही. पुण्यातल्या एका क्लिनिकनं टमी टकचे (पोटाची लोंबणारी कातडी काढून पोट घट्ट करण्याचं ऑपरेशन) 2 लाख 40 हजार सांगितले. त्यातले 50 हजार आगाऊ भरले, कच्ची पावती आहे, तारीख ठरलेली नाही. आता ते म्हणतात, ‘कागदावर हर्निया दाखवू, मेडिक्लेममधून पैसे निघतील.’ फॉर्मवर ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ आणि ‘कोणताही दावा करणार नाही’ असं छापलंय. शिवाय मिस्टरांची सही हवी म्हणतात आणि त्यांचा ऑपरेशनला विरोध आहे. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी हर्नियाचं बोलू, कारण बाकीचं सगळं निस्तरता येतं, हे येत नाही.

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळण्याचं कलम विमा नियामकानं ठरवून दिलेलं आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि प्रकृतीला थेट, तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलेले उपचार एवढेच त्याला अपवाद. लोंबणारी कातडी त्यात बसत नाही. नसलेला हर्निया दाखवला तर क्लेम फॉर्मवर सही तुमची असते. क्लेम फेटाळला जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हाही लागू शकतो. ‘पॉलिसीला 60 महिने झाले, आता कंपनी काही करू शकत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 60 महिन्यांनंतर मिळणारं ते संरक्षण फसवणुकीला नाही.

याहून मोठं नुकसान लोकांच्या लक्षात येत नाही. डिस्चार्ज कार्डावर हर्निया, ऑपरेशन नोटमध्ये हर्निया. उद्या टाक्याजवळची कातडी काळी पडली, आत पाणी साचलं किंवा बेंबी एका बाजूला सरकली, तर टमी टक झाल्याचा एकही कागद तुमच्याकडे नसेल. क्लिनिकचा वकील तुमचाच क्लेम फॉर्म ग्राहक आयोगापुढे ठेवेल.

अर्थात दोन सिझेरियननंतर खरा हर्निया असूही शकतो, बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांच्या जागी. पोटाचे दोन उभे स्नायू बाळंतपणात एकमेकांपासून लांब जातात, तो हर्निया नव्हे. तिथे पोटाच्या भिंतीला भोक पडलेलं नसतं. म्हणून क्लिनिकशी संबंध नसलेल्या रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी करून घ्या आणि भोक असेल तर त्याचं माप रिपोर्टमध्ये लिहून मागा. हर्निया निघाला तर दोन वेगळी एस्टिमेट घ्या : हर्नियाची दुरुस्ती मेडिक्लेममधून (हर्नियाला बहुतेक पॉलिसींत 24 महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असतो, तो तपासा) आणि कातडी काढण्याचा खर्च स्वतःचा. या दुसऱ्या भागावर जीएसटी लागतो, कारण आरोग्यसेवेची सूट सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ ही त्याच खेळाची दुसरी बाजू. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. 50 हजारांची पक्की पावती आजच मागा.

‘कोणताही दावा करणार नाही’ हे वाक्य करार कायद्याच्या कलम 28 नुसार रद्दबातल आहे. न्यायालयाचं दार करारानं पूर्ण बंद करता येत नाही. तरी त्यावर पेन फिरवून बाजूला सही करा आणि त्या पानाचा फोटो ठेवा. ‘आगाऊ रक्कम परत नाही’ हेही दगडावरची रेघ नाही. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे त्यांना वाजवी भरपाईपुरतीच रक्कम ठेवता येते. तारीख ठरलेली नसताना तपासणी फी आणि केलेल्या चाचण्या यांपलीकडे त्यांचं काय गेलं, ते त्यांनी दाखवावं.

मिस्टरांची सही कायद्यानं लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, निर्णय घ्यायला सक्षम आहात, संमती तुमचीच. समीरा कोहली प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. 44 वर्षांची रुग्ण भुलीखाली असताना आईच्या सहीवर तिचं गर्भाशय काढलं गेलं होतं. ती संमती न्यायालयानं मानली नाही. तपासणीला दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. उलट मिस्टरांची सही असली आणि तुमची नसली, तर ती संमतीच नव्हे. घरी पटवून सांगायचं ते जरूर सांगा, पण तो कायद्याचा प्रश्न नाही.

आता संमतीपत्राकडे या, कारण अशा खटल्यांचा निकाल बहुधा तिथेच लागतो. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा व्रण राहणारच. तो दिसतो म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत. तो राहील हे आधी सांगितलं नसेल तर मात्र प्रश्न उभा राहतो. तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हे लिहून हवं : टमी टक पूर्ण की मिनी, स्नायू शिवणार का, बेंबी हलवणार का, सोबत लायपोसक्शन (नळीनं चरबी शोषून काढणं) आहे का; आत पाणी साचणं, कातडी मरणं, बधिरपणा, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं हे धोके; आणि दुरुस्तीचं ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा. हे शेवटचं फॉर्मवर सहसा नसतं, तुम्ही लिहून घ्या. आधी-नंतरचे फोटो जाहिरातीत वापरण्याची परवानगी वेगळ्या सहीनं. नको असेल तर स्पष्ट ‘नाही’ लिहा. आणखी एक : आतड्यांभोवतीची चरबी टमी टकनं जात नाही, लायपोसक्शननंही नाही. ‘पोट पूर्ण सपाट होईल’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. मिळणार नाही, पण उत्तरावरून माणूस कळेल.

सर्जनचं नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत ताडून पाहा. पदवी एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी अशी हवी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही शस्त्रक्रियेची पदवी नाही. भूलतज्ज्ञाचं नाव फॉर्मवर असावं आणि जिथे ऑपरेशन होणार त्या जागेची नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी पाहून घ्या.

याच क्लिनिकमध्ये जावं का? माझं मत, नको. खोटा आजार लिहायला तयार असलेला माणूस तुमचा केसपेपरही तितक्याच सहज लिहील.

पैसे मागताना पोचपावतीसह स्पीड पोस्टनं नोटीस पाठवा आणि 15 दिवसांची मुदत द्या. हर्निया दाखवण्याचा प्रस्ताव व्हॉट्सअॅपवर आला असेल तर ते चॅट मूळ फोनमध्ये तसंच ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. केसपेपर आणि चाचण्यांच्या प्रती लेखी मागा. रुग्णाला नोंदी 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पैसे आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. क्लिनिक पुण्यात असलं तरी तुम्ही राहता त्या कोल्हापुरात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. तक्रारीत ‘करार अन्याय्य ठरवा’ अशी मागणी घालू नका, तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा एवढंच मांडा.