रेल्वे सुधारणा कायदा २०२५ मुळे लोकलचा पास महागेल का? लोकल खासगी कंपनीकडे जाईल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. म्हणजे पास कधीच महागणार नाही असं नव्हे. महागला तर तो या कायद्यामुळे महागणार नाही.

झालंय ते फार थोडं. रेल्वेचा कारभार बघणारं रेल्वे बोर्ड १९०५ च्या, इंग्रजांच्या काळातल्या एका छोट्याशा कायद्यावर उभं होतं आणि बाकीचा कारभार १९८९ च्या रेल्वे अधिनियमावर चालायचा. आता जुना कायदा रद्द करून बोर्डाला १९८९ च्या अधिनियमात आणलंय. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेने आणि मार्च २०२५ मध्ये राज्यसभेने त्याला मंजुरी दिली. सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त झाली, जमीन तीच. खासगीकरणाचा आरोप रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सभागृहात फेटाळला होता, आणि विधेयक वाचलं तर एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं म्हणणं मला पटतं.

माझी तक्रार आहे ती त्यात जे घातलंच नाही त्याबद्दल: भाडं आणि सुरक्षेवर नजर ठेवणारा, सरकारपासून स्वतंत्र असा नियामक. आपल्याकडे गाडी चालवणारे आणि भाडं ठरवणारे एकच. बोर्डावर किती सदस्य, त्यांची पात्रता काय, मुदत किती, हेही केंद्र सरकारच ठरवणार.

घाटकोपरला उतरून बघा. पुलावरून मेट्रोकडे वळलात की कायदा बदलतो. मेट्रोसाठी २००२ चा वेगळा कायदा आहे. त्यात उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली भाडेनिश्चिती समिती नेमता येते आणि तिची शिफारस मेट्रोवर बंधनकारक असते. अशी समिती आली की सगळं आलबेल होतं असं नाही हं. २०१५ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रोसाठी समितीने ११० रुपयांपर्यंतचं भाडं सुचवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पण निदान कोर्टात न्यायला समोर एक कारणांसहित अहवाल तरी होता! लोकलचं भाडं मंत्रालय ठरवतं. १९८९ च्या कायद्यात दरांच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरणाची सोय केली, ती मुख्यतः मालभाड्यासाठी. प्रवासी भाडं त्याच्या कक्षेतून कायद्यानेच वगळलं. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतून उपनगरी गाड्या वगळल्या, आपण सुटलो. पण ती सरकारची मर्जी होती, आपला हक्क नव्हे.

स्वतंत्र नियामक हवा ही सूचना जुनीच. रेल्वेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये ती केली. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मान्यताही दिली, पण तेही फक्त सल्ला देणारं. सुरक्षेपुरतं बोलायचं तर आपल्या अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ मध्येच कायद्याने स्थापन झालेलं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचवलं होतं. सध्याचे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. अपघाताची चौकशी करणारा निदान रेल्वेच्या पगारपत्रकावर नसतो. मात्र त्यांच्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही हे शेवटी रेल्वेच ठरवते.

तेव्हा पासाची काळजी असेल तर या कायद्याकडे बघू नका. रेल्वे मंत्रालयाची भाड्याबाबतची परिपत्रकं वाचत जा, आणि खासदार मतं मागायला दारात आले की नियामकाचं काय झालं ते विचारा.