न बोलता होणाऱ्या संवादाचे प्रकार कोणते, आणि ते समजून घ्यायला शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पुस्तकातले प्रकार पाठ आहेत, पण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिलं की त्यातलं काही ओळखू येत नाही. शिवाय ‘93 टक्के संवाद शब्दांशिवाय होतो’ हे खरं का, असंही विचारलंय. मी मिरजेत बरीच वर्षं परिचारिका होते, आधी सर्जिकल वॉर्डात आणि मग लहान मुलांच्या. त्या कामातून जे उमगलं ते सांगते.

आधी ते 93 टक्के. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून तो आकडा निघाला: शब्द 7, आवाज 38, चेहरा 55. पण त्या प्रयोगांत लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना आहे तेवढंच ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि आवडनावड सोडून इतर बोलण्याला हे गणित लागू नाही, असं स्वतः मेहराबियननीच सांगितलंय. ‘ही गोळी जेवणानंतर, ती उपाशीपोटी’ हे चेहऱ्यावरून कुणालाही समजणार नाही. त्या आकड्यावर विसंबून पेशंटच्या शब्दांना कमी लेखू नका.

मग अंगाकडे बघायचं कशासाठी? माझ्या मते एकाच कामासाठी: तोंड एक सांगतंय आणि अंग दुसरंच, अशी जागा सापडली की तिथे थांबायचं आणि विचारायचं. प्रकार समजून घ्यायचे ते ही जागा हेरता यावी म्हणून.

मिरजेला जत-कवठेमहांकाळपासून अथणी, जमखंडी, विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. पोटाचं ऑपरेशन झालेला शेतकरी राउंडला डॉक्टरांना म्हणतो, ‘काय न्हाई, बरं हाय.’ कानडी मुलखातला असेल तर ‘एनू इल्ला’. पण गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात टाक्यांवर, खोकला आला तर अर्ध्यात दाबलेला, श्वास वरच्यावर. डॉक्टरांपुढे दुखतंय म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं, किंवा दुखतं म्हटलं तर दवाखान्यातून सुट्टी मिळणं लांबेल आणि बिल वाढेल अशी धास्ती असते. अशा वेळी ‘दुखतंय का?’ हा प्रश्न कुचकामी. ‘कुशीवर वळून दाखवता का?’ किंवा ‘जरा खोकून बघा’ म्हणा. वळताना भुवया आवळल्या, दात एकमेकांवर घट्ट बसले की हळूच विचारा, ‘आत्ता किती दुखलं?’ आता मात्र तो खरं सांगतो.

बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी तर ही पद्धत कागदावरच बांधलेली आहे. दोन महिने ते सात वर्षं वयाच्या मुलांचं दुखणं मोजायच्या ‘फ्लॅक’ पद्धतीत पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर मूल शांत होतं का. प्रत्येकीला 0 ते 2 गुण, एकूण 10. त्यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आईच्या खांद्यावर गेल्यावर थांबणारं रडणं आणि खांद्यावरही न थांबणारं रडणं यांत मोठा फरक असतो. किती दुखतंय ते हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांवरून सांगायचा तक्ता, वाँग-बेकरचा, वेगळ्या कामाचा आहे आणि त्याचा वापर चुकीचा होताना मी फार पाहिलाय. मुलाचा चेहरा बघून तक्त्यात जुळवायचा नसतो. तक्ता मुलापुढे धरायचा आणि त्यानेच बोट ठेवायचं. शांत पडलेलं पोर रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवेल, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा.

आता तुमच्या पुस्तकातले प्रकार. चेहरा, हातवारे, बसण्या-उभं राहण्याची ढब, नजर, आवाजाचा सूर, स्पर्श, अंतर, पेहराव, वेळ. पण आपल्याकडे याहून जुनी आणि मला अधिक पटणारी मांडणी आहे, नाट्यशास्त्रातल्या चार प्रकारच्या अभिनयाची: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तिथल्या विद्यार्थ्यांना हे शब्द तरी परके वाटू नयेत. आंगिक म्हणजे अवयवांचं, वाचिक म्हणजे वाणीचं, आहार्य म्हणजे वेश-अलंकारांचं. सात्त्विक म्हणजे मनातल्या भावनेने अंगावर आपोआप उमटणारं. असे सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे जागीच खिळणं, घाम, काटा येणं, आवाज कातर होणं, थरथर, रंग उतरणं, डोळ्यांत पाणी, शुद्ध हरपणं. ही यादी वाचताना मला वॉर्डच डोळ्यांपुढे दिसतो. हातवारे माणूस आवरू शकतो, हे आठ आवरणं फार कठीण. मात्र नाटकातला घाम भीतीचा असतो, वॉर्डातला घाम साखर उतरल्याचा किंवा हृदयविकाराचाही असू शकतो. घामेजलेल्या पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी नाडी, बीपी आणि साखर बघा. यात हयगय करू नका.

नजरेबद्दल लोक सर्रास चुकीचं शिकवतात. नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतोय, असं नसतं. नवी सून सासूदेखत, पदर पुढे घेऊन, जमिनीकडे बघत उत्तर देते तो तिच्या घरचा रिवाज असतो. खोटं ओळखण्यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी घेतला, त्यात माणसांचे अंदाज सरासरी 54 टक्केच बरोबर निघाले. नाणं उडवून केलेल्या निवाड्याहून थोडंसंच जास्त. त्या सुनेबाबत बघायचं वेगळं काही असतं: प्रश्न तिला विचारला आणि उत्तर सासूने दिलं, तेव्हा तिची बोटं काय करतात? पदराचं टोक पिळायला लागली की मी सासूबाईंना बाहेरून औषधं आणायला पाठवायची आणि पडदा ओढून तोच प्रश्न पुन्हा विचारायची.

बोलताना दोन माणसांत किती अंतर असतं त्याचे आकडे एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडले: अगदी जवळच्या माणसांसाठी दीड फुटापर्यंत, ओळखीच्यांसाठी चार फुटांपर्यंत, कामापुरत्या बोलण्यासाठी बारा फुटांपर्यंत. ते अमेरिकेतल्या माणसांना बघून मांडलेले आहेत. आपल्याकडे एका कॉटवर तिघं नातेवाईक बसतात, त्यांना पट्टी लावू नका. पण पेशंट नेहमीपेक्षा मागे सरकला, तर ते जरूर टिपा.

स्पर्शाचं सांगायचं तर खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार बघा. टॉवेलखाली हात घालून बोटं दाबत सौदा करायची जुनी रीत आहे, भोवतीच्या गर्दीला दर कळत नाही. तिथे दोघांनाही बोटांचा अर्थ आधीच ठाऊक असतो. वॉर्डात तसा ठरलेला अर्थ नाही, म्हणून हात लावण्याआधी सांगायचं: ‘मावशी, नाडी बघते हं.’

आवाजाबद्दल थोडक्यात. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला थांबा ऐका. ‘हो’ लगेच आलं की दोन क्षणांनी आलं, यावर बरंच अवलंबून असतं. आणि मान तिरकी हलली, तर ती होकाराची की नुसत्या ‘ऐकतोय’ची, हे नक्की करून घ्या. संमतीच्या कागदावर सही घेताना तर पेशंटला त्याच्या शब्दांत सांगायला लावाच.

एक गोष्ट यादीतून काढून टाका: बहिऱ्या व्यक्तींची सांकेतिक भाषा. ती हातांनी होत असली तरी तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती पूर्ण भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 पासून राष्ट्रीय संस्था आहे. बहिरा पेशंट आला तर अंदाजाने हातवारे करू नका, दुभाषी बोलवा; तो येईपर्यंत पेशंटला लिहिता-वाचता येत असेल तर लिहून विचारा.

सरावासाठी हे करा. ड्युटीवर आल्या आल्या प्रत्येक पेशंट शांत असताना एकदा नीट बघून ठेवा: कसा पडतो, किती बोलतो, हात कुठे असतात. नंतरचा फरक त्याच्याच नेहमीच्या वागण्याशी ताडून बघायचा, पुस्तकातल्या चित्राशी नाही. आणि नोंदीत निष्कर्ष लिहू नका. ‘पेशंट घाबरलेला’ असं लिहिलं तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीच हाती लागत नाही. ‘हात थरथरतात, चेहरा पांढरा, दुपारपासून जेवला नाही, विचारल्यावर बरं आहे म्हणतो’ असं लिहा.