सिलेंडर सारखा रिकामा का होतोय?

प्रश्न: मी इथे न्यू जर्सीत घरी बिअर बनवतो. सोड्याचे जुने 5 गॅलनचे दोन केग (स्टीलची पिंपं) आणि 5 पौंडाचा सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलेंडर आहे. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा सिलेंडर संपला. शुक्रवारी सिलेंडरच्या दाबाचा काटा 800 पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) होता, रविवारी शून्य! 30 पीएसआय देऊन सगळीकडे साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. रेग्युलेटर बदलू का?

उत्तर: थांबा हो, रेग्युलेटरवर लगेच पैसे घालू नका. आधी तो काटा, कारण तोच सगळ्यांना फसवतो. सिलेंडरमधे सीओटू द्रव असतो आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी काटा 800 च्या आसपासच बसून राहतो, म्हणजे तुमची गळती शुक्रवारची नाही, बहुतेक पहिल्या दिवसापासूनची. किती उरलाय ते वजनावरच कळतं, रिकाम्याचं वजन सिलेंडरच्या मानेवर टीडब्ल्यू (टेअर वेट) या अक्षरांपुढे कोरलेलं असतं. एवढ्या सिलेंडरमधे नीट वापरलं तर दहाएक केग निघायला हवेत.

आता गॅस नक्की कुठे गळतोय ते. रात्री केगवरचे गॅसचे, म्हणजे राखाडी, डिस्कनेक्ट (पाइप केगला जोडणारी टोकं) काढा, लाइनमधे 25 पीएसआय भरा, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रेग्युलेटरच्या दोन्ही काट्यांचा (सिलेंडरचा आणि लाइनचा) फोनवर फोटो काढून झोपा. सकाळी काटे उतरले असतील तर पाइपच्या क्लिपा बघा आणि सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या नटामधला वॉशर बघा. तिथे लोक टेफ्लॉन टेप गुंडाळतात, त्याचा काही उपयोग नाही, गॅस अडवतो तो वॉशर, आटे नव्हेत.

काटे जागच्या जागी असतील तर चोर केगमधे. मग केग जोडून हीच टेस्ट करा, पण ताजी बिअर भरलेल्या केगवर नको, थंड बिअर आठवडाभर गॅस पितच असते आणि आपल्याला वाटतं गळतंय. रिकामा केग घ्या. आणि हो, 30 वर बुडबुडे आले नाहीत म्हणून सुटलात असं नाही, केगच्या झाकणाची मोठी रबरी रिंग जास्त प्रेशरला दाबून बसते आणि 10-12 वर हळूच सोडते, कुकरची जुनी गॅस्केट कशी शिटी व्हायच्या आधी फुसफुसते तसंच. म्हणून 10 वर ठेवून केग टबात उलटा बुडवा.

माझा संशय मात्र गॅसच्या पोस्टखाली (पोस्ट म्हणजे केगवरचं तोंड, ज्यावर डिस्कनेक्ट बसतो) आखूड नळीवर बसणाऱ्या त्या बारक्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, आहे. पोस्ट पान्याने उघडल्याशिवाय ती दिसतच नाही, त्यामुळे कोणी बदलत नाही. जुन्या रिंगांना सोड्याचा वासही धरलेला असतो, तेव्हा दोन्ही केगचा पूर्ण सेट बदलून टाका, खर्च थोडक्या डॉलरचा, आणि वर खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. डिस्कनेक्ट लावल्यावरच गळत असेल तर पोस्टवरची बाहेरची रिंग.

एक राहिलं. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅससारखा याला वास नसतो. एका भरलेल्या सिलेंडरमधून सव्वा घनमीटर गॅस निघतो आणि तो खाली साचतो, तेव्हा सिलेंडर बेसमेंटच्या छोट्या खोलीत असेल तर ती बंद ठेवू नका आणि गळती सापडेपर्यंत रात्री व्हॉल्व्ह बंद.