नस चढली, म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न : ‘पायाची नस चढली’, ‘मानेची नस दबली’, ‘सुईला नस सापडेना’. ही एकच नस का? शिवाय एका हिंदी माहितीपत्रकात ‘स्नायु’ हा शब्द मज्जातंतूसाठी वापरलेला दिसला. चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच नाही. सुईला न सापडणारी नस म्हणजे शीर, दबणारी नस म्हणजे मज्जातंतू आणि चढणारी नस ही नसच नव्हे. तो पोटरीचा स्नायू आखडून आलेला गोळा. कातडीखाली दोरीसारखं जे लागेल ते नस, असा आपला हिशेब. ग्रीकांचाही तोच होता. ‘न्यूरॉन’ म्हणजे मुळात कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा धनुष्याची दोरी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले, पण नाव जुनंच चिकटलं. पसरट कंडरेला डॉक्टर आजही ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणतात. त्यातला ‘न्यूरो’ हा त्या जुन्या अर्थाचा.

‘स्नायू’चीही तीच गत. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू आणि 500 पेशी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधणारे दोर. फळ्या दोरांनी आवळलेली नाव भार पेलते, तसं शरीर स्नायूंमुळे भार पेलतं, अशी उपमा आहे. पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे, आजचे आपले स्नायू. पुढे मराठीने मांसालाच स्नायू म्हटलं, हिंदीने तो शब्द मज्जातंतूला दिला, आणि रिकामी झालेली ‘पेशी’ मराठीत सूक्ष्मदर्शकाखाली गेली. जुना ग्रंथ आजच्या अर्थाने वाचला की घोटाळा ठरलेलाच.

दवाखान्यात मात्र ‘नस’ म्हणून थांबू नका. पोटरी एकाएकी दगडासारखी घट्ट झाली आणि गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं स्वतःकडे ओढल्यावर थोड्या वेळात सुटली, तर तो गोळा. कंबरेतून किंवा कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरणारी, मुंग्या किंवा झटक्यासारखी कळ बहुधा मज्जातंतूची. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखणं जात नाही, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इस्पितळ.

प्रश्न : शाळेत ‘रोहिणी’ शिकलो, आता ‘धमनी’ वाचतो. बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही चालतात, दोन्ही थोडे फसवतात. रोहिणी म्हणजे तांबडी. पण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलं, काळपट रक्त असतं. तेव्हा रंग विसरून दिशा धरा : हृदयाकडून निघते ती रोहिणी, हृदयाकडे येते ती शीर. ‘धमनी’त ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे हा धातू आहे. ‘आर्टरी’चा ग्रीक पूर्वज ‘आर्टेरिया’ही श्वासनलिकेसाठी वापरला जाई. मृतदेहात या नळ्या बऱ्याचशा रिकाम्या आढळत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असा समज झाला होता. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधून मधे कापली. आत रक्तच निघालं.

प्रश्न : ‘मसल’चा उंदराशी संबंध खरा का?

उत्तर : खरा. लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवून पाहा, कातडीखाली पळतो. त्यातला ‘मुस’ आपल्या ‘मूषका’चा सख्खा नातलग.